पुढच्या दातांतली फट

दातांच्या लॅबमध्ये त्याला सगळे काळजीवाहू म्हणत. सरकार पडलं की नवं येईपर्यंत जे कारभार बघतं त्याला काळजीवाहू म्हणतात, पण याच्या बाबतीत शब्दाचा अर्थ अगदी सरळ होता. हमाल पोतं वाहतो तसा हा काळजी वाहायचा, आणि हमालाला निदान संध्याकाळी पोतं उतरवून ठेवता येतं.

त्याचं काम कवळ्या करायचं. दवाखान्यात डॉक्टर माणसाच्या तोंडाचा ठसा घेतात, तो डब्यात बंद होऊन लॅबमध्ये येतो, बरोबर एक चिठ्ठी असते. ठशात प्लास्टर ओतून साचा करायचा, साच्यावर मेण चढवायचं आणि मेणात एकेक दात रोवायचा. वर चौदा, खाली चौदा. मग ती मेणाची कवळी दवाखान्यात जाते, माणसाच्या तोंडात बसवून बघतात, आणि पसंत पडली की मेणाच्या जागी पक्की गुलाबी हिरडी येते. एक दात केसभर तिरका बसला तरी समोरचा माणूस जन्मभर स्वतःचा गाल चावत जेवतो. अशा कामाला काळजी करणाराच माणूस लागतो. मालक म्हणायचे, "दुसरीकडे याला वेड्यात काढतील. आपल्याकडे हिरा आहे."

हा वारसा त्याला आईकडून मिळाला होता. आई घराबाहेर पडताना कुलूप तीनदा ओढून बघायची, मग गॅस बंद केला का ते बघायला कुलूप उघडायची, आणि अर्थात ते पुन्हा तीनदा ओढावं लागायचं. वडील होते तोवर ते जिन्यात उभे राहून पेपर वाचायचे. बहुतेक वेळा पेपर वाचून संपायचा.

अशा घरातल्या मुलाच्या प्रेमात एक हसरी, मोठ्या आवाजात बोलणारी मुलगी पडली याचं सगळ्यांना नवल वाटलं होतं. ती एका दवाखान्यात काउंटरवर बसायची. रुग्णांना वेळ द्यायची, डॉक्टरीणबाई सांगतील तशा लॅबसाठी चिठ्ठ्या लिहायची. लॅबमधून एकदा तातडीची कवळी पोचवायला तो स्वतः गेला होता आणि "ही डब्यात आपटणार तर नाही ना, कपाटात ठेवाल ना, वरच्या कप्प्यात नको, वरचा डबा पडतो" असं दहा मिनिटं समजावत उभा होता. ती हसून हसून बेजार झाली. पुढे दोन वर्षं दोघं बरोबर होती. पहिल्या वाढदिवसाला त्याने तिला धूर झाल्यावर वाजणारं यंत्र भेट दिलं. दुसऱ्या वाढदिवसाला प्रथमोपचाराची पेटी. पहिल्या वेळी ती हसली होती.

मग एका दुपारी दवाखान्याच्या मागच्या पायऱ्यांवर डबा खाऊन झाल्यावर ती म्हणाली, "तुला एक सांगू? राग मानू नकोस."



"तुझ्याबरोबर असले ना, की मला सारखं वाटतं मी फार आजारी आहे. आणि हे सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त मलाच कुणी सांगत नाहीये."

"तुला बरं वाटत नाहीये का?" त्याने विचारलं.

"बघ," ती म्हणाली.

आणखी बरंच बोलणं झालं. त्याने दाताच्या कण्या केल्या, पण तिने मन घट्ट केलं होतं आणि आवाज मात्र मऊ ठेवला होता, त्यामुळे भांडायलाही काही हाती लागेना. निघताना त्याला एवढंच सुचलं, "मग घरी पोचल्यावर कळवशील ना?"

तिने कळवलं. संध्याकाळी तिचा एका शब्दाचा निरोप आला, "पोचले." त्यानंतर काही नाही.

माणसांचं प्रेम मोडतं तेव्हा एकजण गाव सोडतो, एकजण नंबर बदलतो, काहीतरी करून अंतर पडतं. याला ती सोय नव्हती. रोज सकाळी अकराला आणि दुपारी चारला दवाखान्याचे डबे लॅबमध्ये येत आणि प्रत्येक डब्यात तिच्या हातची चिठ्ठी असे. "खालची दाढ, उजवी बाजू. रंग शेजारच्या दाताप्रमाणे." गोल, नीटनेटकं अक्षर. ती अनुस्वार टिंबासारखा न देता बारीकसा गोल काढायची. घाईत असली की त्याचं टिंब व्हायचं. दोन वर्षांत हे त्याला इतकं पाठ झालं होतं की चिठ्ठी हातात आली की तो आधी अनुस्वार बघायचा. टिंबं असली तर वाटायचं, तिची धावपळ होतेय, जेवली असेल का. गोल असले तर जास्तच काळजी, कारण मग ती निवांत होती. ती त्याच्याशिवाय निवांत कशी?

लॅबचा नियम असा की काम झालं की चिठ्ठी फाईलला लावायची. मालकांना त्या फाईलचा मोठा अभिमान होता. पण पहिल्या आठवड्यातच काळजीवाहूने एक चिठ्ठी खिशात घातली, म्हटलं उद्या लावू. दुसऱ्या दिवशी दोन झाल्या. घरी कपाटात बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा होता, त्यात त्या जाऊ लागल्या. तो वेडा नव्हता. हे बरोबर नाही हे त्याला समजत होतं, आणि ही एक नवी काळजी होती. फाईल कुणी उघडली तर? पण दातदुखीत जीभ जशी पुन्हा पुन्हा त्याच दाताकडे जाते तसा हात खिशाकडे जायचा.

झोपेत तो दात खाऊ लागला. पलीकडच्या खोलीत आईला करकर ऐकू यायची. तिने भिंतीशी उंदरांचे सापळे लावले. तीन दिवसांत एकही उंदीर सापडला नाही तेव्हा ती म्हणाली, "फार हुशार झालेत मेले," आणि चौथा सापळा आणला.

ताटातुटीला अकरा आठवडे झाले असतील, एका सकाळी एक चिठ्ठी आली. बाकी चिठ्ठ्यांपेक्षा लांब, चार ओळींची. आणि तीत एकूण एक अनुस्वार गोल. नुसते गोल नाहीत, डौलदार, जरा मोठे. इतकी खुशीत ती का असेल? कुणामुळे? दवाखान्यात कोण येतं जातं? औषधांच्या कंपनीचा तो उंच माणूस येतो, त्याचे दात चांगले आहेत. त्या दिवशी काळजीवाहूने चिठ्ठी निदान तीस वेळा बघितली. वाचली नाही. पहिली ओळ वाचली, "वरची पूर्ण कवळी," दुसरीत रंग दिलेला होता तो घेतला, आणि पुढे अनुस्वारच दिसत राहिले. हात मात्र सवयीने चालत होते. चौदा दात त्याने मेणात असे रोवले की पातळ कागदसुद्धा दोन दातांच्या मधून जाऊ नये. कवळी सुंदर झाली. मालकांनी ती उजेडात धरून सगळ्यांना दाखवली.

ती कवळी एका आजोबांची होती. आजोबा निवृत्त शिंपी, एकटे राहायचे, आणि घराच्या गच्चीवर कबुतरं पाळायचे. मेणाची कवळी बसवून बघायच्या दिवशी डॉक्टरीणबाई गावाला गेल्या होत्या, त्यांच्या जागी दुसरे डॉक्टर होते. त्यांनी आरसा दाखवला. आजोबांच्या मुलीने म्हटलं, "बाबा, दहा वर्षांनी लहान दिसताय," आणि मेणाचे दात तोंडात असताना माणसाला फार बोलता येत नाही, म्हणून आजोबांनी मान हलवली. पक्की कवळी झाली, आजोबा घरी गेले.

आठ दिवसांनी डॉक्टरीणबाईंचा लॅबमध्ये फोन आला. मालक फोनवर उभे राहून बोलले, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

फोन ठेवून ते म्हणाले, "पुढच्या दोन दातांत फट ठेवायची होती म्हणे. मूळ दातांत होती तशी. म्हातारा त्या फटीतून शीळ घालतो आणि शिळेवर त्याची कबुतरं खाली उतरतात. आता नुसती हवा निघते. कबुतरं वरच फिरत राहिली, आणि ससाण्याने दोन नेली."

घासायच्या यंत्रावर बसणाऱ्या वहिनींनी यंत्र बंद केलं. लॅबमधल्या त्या सगळ्यात जुन्या, सगळे त्यांना वहिनीच म्हणत. "चिठ्ठीत होतं का तसं?" त्यांनी विचारलं.

"काउंटरवरची पोरगी म्हणते लिहिलं होतं." मालकांनी फाईल काढली आणि एकेक पान उलटलं. काळजीवाहूच्या हातात मेणाची सुरी होती, ती त्याने खाली ठेवली. मालकांनी पुन्हा पहिल्यापासून पानं उलटली. "चिठ्ठीच नाही. म्हणजे हिने पाठवलीच नाही, तोंडी काहीतरी सांगितलं असणार. लिहिलेलं असतं तर आमचा काळजीवाहू विसरला असता का? तो तर पाण्याची बाटलीसुद्धा दोनदा वाचतो." त्यांनी त्याच्याकडे वळून विचारलं, "काय रे, होतं का फटीचं काही?"

खोटं बोलायला माणसाला धीटपणा लागतो, तो त्याच्याकडे नव्हता. खरं बोलायला त्याहून जास्त लागतो. "मला... आठवत नाही," तो म्हणाला, आणि नशीब असं की हे खरं होतं.

"बघा," मालक म्हणाले. "बाईंना सांगतो. त्या पोरीची ही दुसरी चूक आहे म्हणे. या वेळी काही तिला ठेवत नाहीत."

दिवसभर त्याला तोंडात प्लास्टरची चव येत होती. निघताना वहिनी जिन्यात त्याच्याशेजारी चालू लागल्या. खालच्या पायरीवर पोचल्यावर म्हणाल्या, "खिशात वस्तू ठेवून कपडे धुतले की वस्तूही जाते आणि कपडेही," आणि आपल्या वाटेने गेल्या. त्याला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. म्हणजे त्यांनी बघितलं होतं.

घरी येऊन त्याने डबा पलंगावर उपडा केला. आई दारात आली. "हे काय रे? पत्रं?"

"कामाच्या चिठ्ठ्या आहेत."

"घरी का आणल्यास? हरवल्या म्हणजे?"

ती लांब चिठ्ठी वरच सापडली. त्याने ती पहिल्यांदा वाचली. "वरची पूर्ण कवळी. रंग किंचित पिवळसर. पुढच्या दोन दातांत मूळची फट ठेवावी, विसरू नये. रुग्णाची खास विनंती." विसरू नये याच्याखाली रेघसुद्धा मारलेली होती. दोन रेघा.

तो पलंगावर बसून राहिला. माणूस बुडायला लागला की काडीचा आधार शोधतो. त्याला तीन काड्या सापडल्या. एक, निनावी पाकिटातून चिठ्ठी दवाखान्यात पाठवावी. पण पाकिटावर पत्ता लिहावा लागेल आणि त्याचं अक्षर ती ओळखेल. दोन, चिठ्ठी सापडलीच नाही असं समजावं. हा विचार त्याने पूर्णसुद्धा केला नाही. तीन, उद्या सगळ्यांच्या आधी जाऊन चिठ्ठी गुपचूप फाईलला लावावी. मागची पानं चिकटली होती, असं म्हणता येईल. प्लास्टर सांडतं, पानं चिकटतात.

दुसऱ्या दिवशी तो तासभर आधी पोचला. लॅबचं दार उघडं होतं. मालक खुर्चीत बसले होते आणि फाईल त्यांच्या मांडीवर होती. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"बरं झालं लवकर आलास. रात्रभर मला चैन नाही. त्या दवाखान्याच्या तीन महिन्यांतल्या चिठ्ठ्याच नाहीत इथे. एकही नाही. एक हरवते, दोन हरवतात. सगळ्या कशा जातील?"

काळजीवाहूने खिशातून चिठ्ठी काढली आणि त्यांच्यासमोर धरली. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने एखादी गोष्ट परिणामांचा विचार न करता केली होती, आणि लगेच त्याला त्याचे परिणाम दिसू लागले. नोकरी जाणार, आईला कसं सांगणार, भाडं, दिव्याचं बिल, आईचं रक्तदाबाचं औषध.

मालकांनी चिठ्ठी वाचली. दोन रेघांवर बोट ठेवलं. "बाकीच्या?"

"घरी आहेत. डब्यात."

"का?"

"तिचं अक्षर आहे."

मालकांनी फाईल मिटली. तीस वर्षं त्यांनी लोकांच्या तोंडांचे साचे बघितले होते, पण हे प्रकरण त्यांच्या साच्यात बसत नव्हतं. शेवटी म्हणाले, "तू स्वतः जा. बाईंना दे. मी फोन करणार नाही. माझ्या तोंडाने हे सांगता येण्यासारखं नाही."

दवाखाना पहिल्या मजल्यावर होता. जिन्याच्या अठरा पायऱ्या त्याला माहीत होत्या. दहाव्या पायरीवर त्याला वाटलं आपण चिठ्ठी आणायला विसरलो, बघितली तर होती. बाराव्या पायरीवर पुन्हा बघितली.

आत काउंटरवर ती होती. केस कापले होते. डॉक्टरीणबाई तिच्यासमोर उभ्या राहून हलक्या आवाजात बोलत होत्या, आणि ती टेबलाकडे बघत होती. बाकावर एक सडपातळ म्हातारा गृहस्थ बसला होता, मांडीवर रुमालात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. तोंडात वरचे दात नसल्यामुळे त्याचे गाल आत गेले होते.

"मॅडम," काळजीवाहू म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला की फक्त म्हाताऱ्याने वर बघितलं. त्याने घसा साफ केला. "मॅडम, चिठ्ठी आली होती. फट ठेवा असं स्पष्ट लिहिलं होतं. खाली रेघाही होत्या. मी वाचलं नाही."

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी घेतली. "मग लॅबमध्ये सापडली का नाही?"

"माझ्याकडे होती. घरी."

"घरी कशाला नेली?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायला तिथे तीन माणसं जास्त होती. त्याचे कान तापले. तिने पहिल्यांदा मान वर केली आणि त्याच्याकडे बघितलं, आणि त्याला दिसलं की तिला कळलं.

तेवढ्यात बाकावरून आजोबा बोलले. दातांशिवाय त्यांचे शब्द मऊ पडत होते. "ते चिठ्ठीचं तुम्ही नंतर बघा. माझी शीळ कधी येणार ते सांगा. आज सकाळी पुन्हा ससाणा आला होता."

डॉक्टरीणबाईंनी सुस्कारा सोडला. तिच्याकडे वळून त्या म्हणाल्या, "सॉरी. मी तुला नको ते बोलले." मग काळजीवाहूला म्हणाल्या, "हे तुम्हीच निस्तरा. आजोबा, हे तुमच्याबरोबर येतील." आणि पुढच्या रुग्णाकडे गेल्या.

ती काउंटरमागून बाहेर आली. "किती आहेत?" तिने हळूच विचारलं.

"एकच," तो म्हणाला. मग म्हणाला, "एकशे सात."

तिने डोळे मिटून घेतले. ती रागावेल अशी त्याने तयारी केली होती, पण ती घाबरल्यासारखी दिसली, आणि ते त्याला जास्त लागलं. "माझी नोकरी जात होती," ती म्हणाली. "कालपासून मी विचार करतेय, आपण लिहिलं असं नुसतं आपल्याला वाटतंय का. माझंच डोकं फिरलंय का."

"माझं चुकलं."

"हो, चुकलं," ती म्हणाली. "सगळ्या परत फाईलला लाव. एकही ठेवू नकोस. आणि यापुढे चिठ्ठीत मजकूर असतो, तो वाच."

"हो." त्याला गप्प बसता आलं असतं, पण तो काळजीवाहू होता. "एकच विचारू? त्या दिवशी तुझे अनुस्वार गोल होते. सगळे."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "पेन नवीन होतं," ती म्हणाली.

आजोबांचं घर तीन मजल्यांचं जुनं घर होतं, गच्चीवर लाकडी खुराडी, जाळी, दाण्यांचे डबे. तीस-एक कबुतरं. काळजीवाहूने दोन बारीक कानशी, सँडपेपर आणि कवळी एका उलट्या बादलीवर मांडली. उन्हात कवळीचे दात फार सुंदर दिसत होते. त्याला माहीत होतं की या कामात परतीची वाट नाही. दोन पुढच्या दातांच्या मध्ये कानस फिरवली की जे घासलं गेलं ते गेलं. फट कमी पडली तर पुन्हा घासता येते, जास्त झाली तर कवळी फेकून द्यायची.

"मूळची फट किती होती?" त्याने विचारलं.

"इतकी," आजोबांनी अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं, आणि त्यांचा हात कापत असल्यामुळे ती फट दोन-तीन निरनिराळ्या मापांची दिसली.

त्याने कानशीचे चार हात मारले. आजोबांनी कवळी बसवली, ओठ ओले केले, फुंकर मारली. फुस्स. कवळी परत बादलीवर. आणखी तीन हात. पुन्हा फुस्स. वर कबुतरं फिरत होती. दर वेळी कानस लावताना काळजीवाहूला घाम फुटायचा, तो कपाळ पुसायचा, कवळी उजेडात धरायचा, पुन्हा खाली ठेवायचा.

"तुला काय झालंय रे?" आजोबांनी विचारलं. "जबडा कसा आवळून धरलायस. दातखीळ बसेल."

कधी कधी अनोळखी माणसाला सगळं सांगून टाकणं सोपं असतं. त्याने सांगितलं. पायऱ्या, अनुस्वार, डबा, सगळं. आजोबा एका पायावर दुसरा पाय टाकून ऐकत होते.

"माझी बायको मला सोडून गेली होती," ते म्हणाले. "सात वर्षं बहिणीकडे राहिली. म्हणाली, कबुतरं तरी ठेवा नाहीतर मला तरी."

"मग परत आल्या?"

"आली."

"तुम्ही काय केलंत?"

"काही नाही. तिचं बहिणीशी भांडण झालं."

काळजीवाहूला यातून काहीतरी धडा निघेल असं वाटून तो थांबला होता, पण आजोबांनी कवळी उचलली आणि बसवली. त्यांनी ओठ ओले केले. या वेळी आवाज निघाला. चिरका, अर्धा, शिट्टीपेक्षा किटलीच्या वाफेसारखा, पण आवाज.

"अजून एक हात," आजोबा म्हणाले.

"एक मारला आणि जास्त झालं तर?"

"तर नवी कर."

"तोवर ससाणा..."

"अरे, मार."

त्याने मारला. हाताला जाणवलं की हा बरोबर बसला. आजोबांनी कवळी बसवली आणि शीळ घातली. लांब, खालच्या सुरातली. आजोबांनी डोकं तिरकं करून ऐकलं. "माझी जुनी अशी नव्हती," ते म्हणाले. "ती बारीक होती." वर कबुतरं एक चक्कर मारून आणखी दूर गेली. काळजीवाहूचा चेहरा उतरला. आजोबांनी पुन्हा शीळ घातली, आणि पुन्हा. पाचव्या शिळेला एक करडी मादी थव्यातून सुटली, गच्चीवर दोन चकरा मारून जाळीवर बसली आणि तिने आजोबांकडे असं बघितलं जसं एखादी म्हातारी बाई दारात अनोळखी माणसाकडे बघते.

बाकीची त्या दिवशी भूक लागल्यावरच उतरली. नव्या शिळेची सगळ्यांना सवय व्हायला नऊ दिवस लागले. हे नऊ दिवस काळजीवाहू रोज कामावरून परस्पर गच्चीवर गेला. आकाशाकडे बघत उभा राहायचा, ससाण्यावर लक्ष ठेवायचा. काळजी करायला त्याला इतकी चांगली आणि योग्य जागा पूर्वी कधी मिळाली नव्हती. आजोबा म्हणाले, असा राखणदार मिळाला असता तर मी दहा वर्षांपूर्वीच निर्धास्त झालो असतो. या नऊ दिवसांत आणखी एक कबूतर गेलं, ते मात्र ससाण्याने नाही, म्हातारपणाने.

मालकांनी त्याला काढलं नाही. एकशे सात चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावायची शिक्षा दिली. वहिनी शेजारी बसून भोकं पाडत होत्या. साठाव्या चिठ्ठीच्या सुमारास त्या म्हणाल्या, "अक्षर चांगलं आहे हो तिचं." तो म्हणाला, "आहे." आणि पुढची चिठ्ठी उचलली. शेवटची लावून झाल्यावर त्याला मोकळं वाटेल असं त्याने ऐकलं होतं, पण वाईटच वाटलं, आणि दोन-चार दिवस वाटत राहिलं. मग कधीतरी कमी झालं. नक्की कधी, हे त्याच्या लक्षात राहिलं नाही.

पाऊण वर्षाने तिने दवाखाना सोडला. दुसऱ्या शहरात एका मोठ्या रुग्णालयात तिला काम मिळालं. जाण्याआधी ती लॅबमध्ये सगळ्यांना भेटायला आली, मालकांशी बोलली, वहिनींना मिठी मारली. त्याला म्हणाली, "पोचल्यावर कळवते." तो म्हणाला, "वेळ मिळाला तर." ती गेल्यावर वहिनी म्हणाल्या की हे तू फार चांगलं बोललास, आणि त्याने कबूल केलं की दोन दिवसांपासून पाठ करत होता.

आजोबांचे खालचे दातही पुढे पडलेच. त्यांनी डॉक्टरीणबाईंना बजावलं की मेणाची कवळी बसवायला लॅबमधला तो पोरगा स्वतः आला पाहिजे. म्हणून एका सकाळी काळजीवाहू दवाखान्याच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसला होता. कवळी बसवून बघून झाली होती, आजोबा अजून आत बाईंशी बोलत होते. शेजारी गणवेशातला एक बसचालक येऊन बसला. धिप्पाड माणूस, पण बाकाची कड त्याने अशी धरली होती जशी बस दरीच्या कडेला उभी आहे.

"दाढ काढायचीय," तो आपणहून म्हणाला. "तुम्ही इथलेच का? फार दुखतं का हो?"

काळजीवाहूला दाढ काढताना काय काय होऊ शकतं ते सगळं माहीत होतं. मूळ तुटू शकतं, रक्त थांबत नाही, गाल सुजतो, शेजारचा दात हलतो. ते सगळं त्याच्या जिभेवर आलं. त्याने बाकाची कड धरलेल्या बसचालकाच्या हाताकडे बघितलं.

"थोडं दुखतं," तो म्हणाला. "मी आहे इथे बसलेला."

आजोबा दहा मिनिटांत बाहेर आले आणि घरी गेले. बसचालकाचा नंबर सहावा होता. काळजीवाहू लॅबमध्ये दीड तास उशिरा पोचला, आणि मालकांनी कारण विचारलं तेव्हा खरं कारण सांगायची लाज वाटून त्याने जिन्याला रंग लावत होते असं सांगितलं.